नंदूचे दाते आणि गुरुवारची वीज

आमच्या घरात लोखंडी तवा नव्हता. पालक, खजूर, गूळ, अळीव, म्हणजे बाकीच्या आया ज्या गोष्टी मुलांच्या मागे लागून त्यांच्या घशाखाली उतरवतात, त्या सगळ्या आमच्या आईने हद्दपार केल्या होत्या. कारण माझा धाकटा भाऊ नंदू. त्याला थॅलेसेमिया होता. त्याच्या शरीराला धड रक्त बनवता येत नसे, म्हणून काही आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचं रक्त द्यावं लागे, आणि त्या रक्तातलं लोह त्याच्या अंगात साठत जाई. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगात कमी शोषलं जातं, असं डॉक्टर कधीतरी बोलून गेले होते. झालं. पुण्याच्या वारज्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आमटीभाताच्या ताटाशेजारी चहाचा कप येऊन बसला, तो कायमचा. मामी एकदा राहायला आली होती, ती बघतच राहिली. "आमटीभाताबरोबर चहा?" तिने विचारलं. आई म्हणाली, "तुम्ही ताक घ्या की. आम्ही तुम्हाला काही म्हटलंय का?" मामी पुढचे दोन दिवस ताकच घेत राहिली.

साठलेलं लोह काढायला नंदूच्या पोटात रोज एक बारीक सुई टोचून ठेवावी लागे. तिला जोडलेला छोटा पंप तो उशीखाली घेऊन झोपायचा. त्या पंपाची किरकिर आमच्या घरातला कायमचा आवाज होता. पाहुण्यांना त्याने झोप लागायची नाही, आणि आम्हाला तो थांबला की जाग यायची. आई सकाळी नंदूला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात उभं करायची आणि त्याचा खालचा ओठ अंगठ्याने ओढून आतला रंग बघायची. त्या दिवशी पोळ्या किती जोरात लाटल्या जातात यावरून बाबांना आणि मला रंग कळायचा. रक्ताचा दिवस जवळ आला की नंदू जिन्यात मधेच बसायचा आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा. नाडी सुटलेली नसायची. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि दम लागलाय हे कोणाला कळू नये अशी त्याची इच्छा होती. आम्ही नाडीकडे बघायचो आणि आमचा जीव खालीवर व्हायचा.

मला नोकरी लागली तीही या रक्तापायीच. शहरातल्या एका ट्रस्टची लहानशी रक्तपेढी होती. नंदू तिथे इतका नेहमीचा होता की पदवी हातात पडल्यावर तिथल्या प्रमुख भाटे मॅडमनी मला विचारलं, "कॉम्प्युटरवर बसशील का?" मी बसले. पेढीत एकच मोठं मशीन होतं, युनिक्सवर चालणारं. एका खोलीत ते मशीन आणि बाकीच्या खोल्यांत त्याला तारांनी जोडलेले हिरव्या अक्षरांचे पडदे. मशीन सांभाळायला लेले सर होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, आणि तोंडात सदैव एखादा खोचक शेरा तयार. पहिल्या दिवशी मी एक आज्ञा टाइप केली, मशीनने काहीच उत्तर दिलं नाही, म्हणून मी त्यांना विचारलं, "सर, झालं का?" ते म्हणाले, "अहो, झालं म्हणूनच गप्प आहे. याला उगाच बोलायची सवय नाही. शिका जरा त्याच्याकडून."

मला मात्र त्या गप्प बसण्याची भीती वाटायची. लेले सरांचं युनिक्सवर जे प्रेम होतं, ते याच स्वभावासाठी. चूक झाली तर ते एका ओळीत फटकारतं, बरोबर असेल तर तोंड उघडत नाही, आणि ‘नक्की करू का?’ असं लाडाने विचारत नाही. सरांनी मला सगळं तोंडी शिकवलं. ‘पीडब्ल्यूडी’ म्हणजे मी आत्ता कोणत्या कप्प्यात उभी आहे ते विचारणं. ‘एलएस’ म्हणजे इथे काय काय आहे. ‘ग्रेप’ म्हणजे हजारो ओळींतून हवी ती ओळ शोधणं, ‘डीएफ’ म्हणजे डिस्कवर जागा किती उरली. आणि ‘आरएम’ म्हणजे पुसणं. आरएमच्या आधी पीडब्ल्यूडी, हे ते दर वेळी सांगायचे. "रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघता ना? तसंच. इथे गाडी आली तर कळणारही नाही." पुढे आयुष्यभर मी हेच काम केलं, कितीतरी मोठी मशीनं सांभाळली, आणि आताच्या मुलांना तर मशीन कुठल्या देशात आहे हेही माहीत नसतं. तरी पुसण्याची आज्ञा दिली की माझं बोट एन्टरच्या बटणावर थांबतं. त्याचं कारण सांगायला हे प्रकरण.

मशीनवर सगळ्यात मोलाची फाइल रक्तदात्यांची. नाव, पत्ता, फोन, रक्तगट, आणि मागचं रक्त कधी दिलं. शेवटच्या रकान्यात काही थोड्या दात्यांपुढे एक खूण असे. वर्षानुवर्षं परकं रक्त घेऊन काही मुलांचं शरीर चिडतं, आणि मग नुसता गट जुळून भागत नाही. शेकडो लोक तपासल्यावर एखाद्याचं रक्त अशा मुलाला चालतं. नंदू त्यांच्यातला होता. त्याला चालणारे चारपाच जण शोधायला भाटे मॅडमना काही वर्षं लागली होती, आणि ते आळीपाळीने येऊन रक्त देत. ते कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कोणाचं रक्त कोणाला जातं हे दोन्ही बाजूंना सांगायचं नाही, असा पेढीचा कडक नियम होता. मी तिथे लागले तेव्हा लेले सरांनी बजावलं, "सगळी फाइल तुमच्या हाताखाली आहे. पण भावाची खूण शोधायची नाही. उद्या रस्त्यात तो माणूस भेटला की तुम्ही पाया पडाल, आणि परवा त्याला नाही म्हणायची चोरी होईल." मी शब्द दिला आणि पाळला. नंदूची खूण कोणती हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

आता गुरुवारबद्दल. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. आमच्या पेढीच्या भागात दुपारी एकला जाई आणि संध्याकाळी येई. रक्ताच्या फ्रिजांना जनरेटर होता. मशीनला जाडजूड बॅटरी होती, पण ती थोडाच वेळ टिके, आणि पडद्यांना तर तीही नव्हती. म्हणून दर गुरुवारी सकाळी लेले सर तीन कामं ओळीने करत. आधी आठवड्याचा केर काढायचा, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा कप्पा पुसून मोकळा करायचा. मग सगळ्या माहितीची प्रत टेपवर घ्यायची. मग मशीनला सांगून ठेवायचं की अमुक वेळाने आपोआप बंद हो. आधी केर, मग टेप, हा क्रम त्यांच्या अभिमानाचा विषय होता. "कचऱ्याची प्रत घेऊन टेप कशाला झिजवायची?" टेप एकच होती. दर गुरुवारी तिच्यावर जुनं पुसून नवं चढे. दुसरी टेप घेऊ या, असं मॅडमनी सुचवलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, "ही बिघडली की घेऊ." आणि फाइल मशीनवर आली तेव्हा दात्यांची जुनी कार्डं सरांनी स्वतः बांधून रद्दीत घातली होती, कपाट मोकळं झालं म्हणून. काटकसर आणि टापटीप, दोन्ही गुण त्यांच्यात ठासून भरलेले होते.

त्या गुरुवारी सकाळी आईने नंदूचा ओठ बघितला आणि पोळ्या लाटल्याच नाहीत. गॅस बंद करून ती खुर्चीत बसली. बाबांच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असे, ते साबुदाणा भिजवत होते. त्यांनी हात पुसले आणि स्कूटर काढली. आधीच्या वेळचं रक्त नंदूला मानवलं नव्हतं, अंगात टिकलंच नव्हतं, आणि आठवडाभर आधीच तो रिकामा झाला होता. पेढीशेजारच्या इस्पितळात त्याला ठेवून घेतलं. त्याच्या छातीची धडधड शर्टावरून दिसत होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदयावर ताण आलाय. आज रक्त चढायला हवं. आणि जुळणारंच हवं, दुसरं देता येणार नाही." फ्रिजमध्ये त्याच्यासाठीची एकही पिशवी नव्हती, कारण त्याच्या दात्याला पुढच्या आठवड्यात बोलवायचं ठरलं होतं. मी धावत पेढीत आले आणि लेले सरांना म्हटलं, "सर, नंदूच्या दात्यांचे फोन काढून द्या. आजच्या आज बोलवायचंय."

"एवढंच ना?" सर म्हणाले. त्यांची तिन्ही कामं आटपली होती आणि ते डबा उघडायच्या बेतात होते. त्यांनी ग्रेप टाइप केलं. मशीन म्हणालं, अशी फाइल नाही. सरांनी चष्मा वर केला, नाव तपासलं, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी एलएस केलं, आणि मशीन गप्प बसलं. कप्प्यात काहीही नव्हतं. सर पडद्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती हळूहळू पांढरी पडत गेली.

काय झालं ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं. सकाळी भाटे मॅडमनी काही विचारलं म्हणून ते दात्यांच्या कप्प्यात गेले होते, मधे फोन आला, आणि परत येऊन त्यांनी सवयीने केर काढला. ज्या कप्प्यात उभे होते तिथलाच. पीडब्ल्यूडी न विचारता. मशीनने मुकाट्याने सगळं पुसलं. मग त्यांनी नेमाप्रमाणे त्या रिकाम्या कप्प्यासकट सगळ्याची प्रत टेपवर चढवली, जुन्या प्रतीच्या डोक्यावर.

"मीनल, मी पुसली," ते म्हणाले. मला ते नेहमी ‘अहो’ म्हणत. त्या दिवशी नुसतं नाव घेतलं.

दात्यांना फोन करणाऱ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या होत्या, तिकडे फोन नव्हता. भाटे मॅडम मांजरी गावात रक्तदान शिबिरावर गेल्या होत्या, आणि मोबाइल कोणाकडेच नव्हते. कोणाला पाठवून मॅडमना आणायचं तरी त्यांना फोन नंबर थोडेच पाठ असणार? शेजारच्या इमारतीत नंदू पडला होता आणि त्याला वाचवू शकणारी चारपाच माणसं या शहरात कुठेतरी जेवायला बसत असतील, आणि त्यांची नावं जगात कोणालाच सांगता येणार नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. समोर फळा होता. त्यावर सर रोज सकाळी डीएफ बघून डिस्कवरच्या शिल्लक जागेचा आकडा खडूने लिहीत. नुसतं कुठेतरी बघायचं म्हणून मी तो आकडा बघत होते.

मग मीच खुर्ची ओढून डीएफ टाइप केलं. एवढ्या फाइली पुसल्या गेल्या, म्हणजे जागा भरपूर मोकळी व्हायला हवी होती. पडद्यावरचा आकडा फळ्यावरच्या आकड्यापेक्षा जेमतेम वाढला होता.

"सर, जागा सुटलेली नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुम्हीच सांगितलं होतं. पुसलं तरी आधी नुसतं नाव जातं. कोणी ती फाइल उघडून बसलं असेल तर तो ती सोडेपर्यंत आतला मजकूर तसाच राहतो."

सरांनी मला बाजूला सारलं. ‘पीएस’ म्हणजे मशीनवर आत्ता कोण काय चालवतंय त्याची यादी. ती वर सरकली आणि त्यांचं बोट एका ओळीवर टेकलं. टेलिफोनच्या खोलीतल्या पडद्यावर ‘मोअर’ चालू होतं. मोठी फाइल पानापानाने वाचायची आज्ञा. भाटे मॅडमना ग्रेप कधी रुचलंच नाही, त्या पुस्तक वाचावं तशी फाइल वाचत. सकाळी वाचता वाचता शिबिराची जीप आली असणार आणि त्या पान तसंच उघडं टाकून गेल्या असणार.

"जा," सर म्हणाले, "कोणाला त्या पडद्याला हात लावू देऊ नका. एक चुकीचं बटण दाबलं गेलं की मोअर बंद होईल आणि फाइल खरोखरची जाईल. मी मशीनचं आपोआप बंद होणं थांबवतो. ते मी लावून ठेवलंय."

मी बोळातून पळत सुटले. दार ढकललं तर आत हौसामावशी. गुरुवारी वीज जायच्या आधी त्या सगळ्या खोल्या पुसून घेत, आणि ‘बटणांच्या पेट्या’, म्हणजे कीबोर्ड, त्यांना मुद्दाम ओल्या फडक्याने पुसायला सांगितलेलं होतं, कारण लेले सरांना धूळ खपत नसे. त्यांनी एक टेबल संपवलं होतं आणि फडकं पिळून त्या दुसऱ्याकडे वळल्या होत्या. मी "मावशी!" म्हणून इतक्या जोरात किंचाळले की त्यांच्या हातातून फडकं बादलीत पडलं.

"आगं काय झालं? साप हाय का काय?"

"हात लावू नका. कशालाच लावू नका. नंदूचं आहे ते." मला दुसरं काही सुचलं नाही. मावशी नंदूला ओळखत होत्या. त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

पडद्यावर हिरव्या ओळी होत्या. नावं, पेठा, फोन. खाली मोअर हा शब्द आणि फाइल किती टक्के वाचून झाली तो आकडा. निम्म्याच्या जरा अलीकडे. म्हणजे आधीची पानं हातची गेली होती. नंदूची माणसं त्यांत असतील तर? एवढ्यात पेटीतून टुंग असा आवाज आला आणि ओळींच्या मधेच मशीनचा निरोप उमटला, मशीन थोड्याच वेळात बंद होत आहे, कामं आवरा. त्या निरोपाने पडदा वर सरकला आणि वरच्या दोन ओळी माझ्या डोळ्यांसमोर नाहीशा झाल्या. मी पडद्याच्या काचेवर हात ठेवला. त्याने काय थांबणार होतं? पण ठेवला. माझ्या तोंडून "नको, नको" असं निघत होतं आणि मागे मावशी देवाचं नाव घेत होत्या.

लेले सर धापा टाकत आले. "थांबवलं," ते म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पण एकला इथली वीज जाईल. मशीन बॅटरीवर तगेल, हा पडदा नाही. पडदा विझला की मशीन समजतं माणूस निघून गेला, आणि मोअर बंद करतं." पडद्याची वायर काढून दुसरीकडे जोडायची म्हणजे तो विझणारच. हातात अर्धा तासही नव्हता.

मोअरमध्ये शब्द शोधायचीही सोय होती. मी म्हटलं, "सर, नंदूची खूण शोधू या का सरळ?"

"आणि पुढे कुठे नसली, आणि हे फाइलच्या शेवटाला जाऊन बंद पडलं तर?" सर म्हणाले. "मला खात्री नाही. मागे येता येतं की नाही याचीही नाही. खात्री नसलेलं मी आज काही दाबणार नाही." मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ते कागद मांडीवर घेऊन बसले. "स्पेसबार तुम्ही दाबा. एका वेळी एकच पान. माझा हात आज भरवशाचा नाही. शेवटच्या रकान्यात ‘एन तीन’ बघायचं. तीच तुमच्या भावाची खूण." शब्द द्यायला लावणाऱ्यानेच ती मला सांगितली.

आज मला कोणी अशी वेळ सांगितली तर मी पडद्याला हातही लावणार नाही, सरळ डिस्कवरचे कच्चे ठोकळे, म्हणजे नाव पुसलं तरी मागे उरलेला मजकूर, उपसून त्यांत ओळी शोधेन. पुढे एका जाणकार इंजिनिअरने तसंच करून बरीचशी फाइल तुकड्यातुकड्यांनी आम्हाला परत मिळवून दिली, आणि त्याला काही आठवडे लागले. पण त्या दुपारी आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि नंदूकडे आठवडे नव्हते. आमच्याकडे एक स्पेसबार होता.

मी दाबला. पान बदललं. शेवटचा रकाना वरून खाली, पुन्हा वरून खाली. नाही. पुन्हा दाबला. प्रत्येक पान एकदाच दिसणार होतं, आणि बघायच्या आत ते गेलं असं मला दर वेळी वाटायचं. दोघांनी "नाही" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं होतं. माझं "नाही" आधी यायचं, सरांचं मागून, आणि मधल्या क्षणात मी मेल्यासारखी व्हायचे. एन तीन. पहिला सापडला तेव्हा सर इतक्या सावकाश अक्षर काढून लिहू लागले की मी ओरडले, "सर, लवकर!" ते म्हणाले, "फोनचा आकडा चुकला तर लवकरचं काय करू?" मग कितीतरी पानं काहीच नाही. मग दुसरा. मग आणखी एक, स्त्रीचं नाव. टक्क्यांचा आकडा नव्वदीपुढे गेला तसा माझा अंगठा बटणावर टेकेना. शेवटच्या पानानंतर ही फाइल उरणार नव्हती. मी थांबले, आणि तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला, आणि हिरवी अक्षरं आक्रसून मधोमध एक ठिपका झाली आणि विझली. वीज मंडळाने वेळ पाळली होती. मावशी हुंदका देऊन रडायला लागल्या.

फोनला वीज लागत नाही, एवढं नशीब. सर स्वतः फोन फिरवायला निघाले, मी तो त्यांच्या हातून घेतला. पहिल्या नंबरावर म्हातारे गृहस्थ होते. मुलगा नोकरीसाठी नाशिकला गेला, म्हणाले, काय काम होतं, त्याचं काही वाईट तर नाही ना? दुसऱ्याच्या ओळीत तारीख होती, त्याने मागच्याच महिन्यात रक्त दिलं होतं, ते नंदूच्याच अंगात चढून न टिकता गेलं होतं. म्हणजे त्याचं घेऊनही उपयोग नव्हता. राहिलं तिसरं नाव, शमीम तांबोळी, कात्रज. फोन शेजाऱ्यांचा. "धरा, बोलावते," एक बाई म्हणाल्या आणि रिसीव्हर कशावर तरी आपटला. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. भांडी, लहान मुलाचं रडणं, कुकरची शिट्टी, कोणीतरी रेडिओ लावलेला. कोणी येत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. मला आईचा चेहरा दिसत होता, आणि तिला जाऊन काय सांगायचं याची वाक्यं माझ्या मनात आपोआप जुळत होती. ती वाक्यं जुळतायत याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"हॅलो. कोण?"

मी भडाभडा सांगितलं. रक्तपेढीतून बोलतेय, आज यायला लागेल, आत्ता, लगेच, कृपा करा.

"अहो, हळू. कळलं," ती बाई म्हणाली. "कुकर उतरवते आणि येते. रिक्षा मिळाली तर लवकर, नाहीतर बसने. आणि इतक्या रडक्या आवाजात फोन करत जाऊ नका हो. मला वाटलं आमच्याच घरचं कोणी गेलं."

ती येईपर्यंतचा वेळ मी पेढीच्या पायरीवर काढला. कोपऱ्यावर रिक्षा वळली की उठायचे, पुढे गेली की बसायचे. बाबा एकदा इस्पितळातून आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत गेले. लेले सर आत काळोख्या खोलीत मशीनजवळ बसून होते, डबा तसाच. मग एक रिक्षा थांबली आणि तिशीतली एक बाई उतरली. हिरवा सलवार कमीज, हातात कापडी पिशवी, कपाळाला घाम. मीटरवरून रिक्षावाल्याशी तिने थोडक्यात खणखणीत वाद घातला आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुठे झोपायचं?" जनरेटरवरच्या एका दिव्याच्या उजेडात तिच्या दंडाला पट्टा बांधला गेला. नळीतून रक्त खाली पिशवीत उतरायला लागलं. मला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले आणि पिशवी भरताना बघत राहिले.

"किती वर्षं देतेय मी," ती छताकडे बघत म्हणाली, "पण तुम्ही लोक कधी सांगत नाही. कोणासाठी आहे हो?"

नियम मला ठाऊक होता. दारात लेले सर येऊन उभे राहिलेत हेही मला दिसत होतं.

"माझ्या भावासाठी," मी म्हटलं.

सर दारातून मागे सरले. त्या बाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग मोकळ्या हाताने तिने शेजारच्या स्टुलावरची आपली कापडी पिशवी उचलून पोटावर घेतली.

"मग उभ्या का?" ती म्हणाली. "बसा इथे."